मानदुखी, लॅपटॉप आणि कारकुनाचं डेस्क

2020 च्या टाळेबंदीत तुमच्यापैकी काहींनी दिवेआगरच्या घरी ओटीवरच ऑफिस थाटलं. टेबल जुळेना, वायर पुरेना. त्यात 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने विजेचे खांबच आडवे केले. वीज परतली, मानदुखी राहिली. लॅपटॉपचा स्क्रीन कीबोर्डला जोडलेला. हात सुखावला की मान वाकते.

हे दुखणं जुनंच. इटलीच्या डॉ. रामाझ्झिनींनी 1713 मध्ये लेखनिकांच्या त्रासाची कारणं लिहिली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, मनावरचा ताण. (तिसरं आपण विसरतोच!) आपल्याकडचे कारकून मांडी घालून बसत, पण डेस्क उतरतं असे, कागद डोळ्यांकडे येई.

तुम्हीही लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवा, कीबोर्ड वेगळा घ्या. हाताला मुंग्या येत असतील, तर मात्र दाखवून जा.