मेंदूवरील शस्त्रक्रिया : भूल, रक्तदाब आणि नाडी

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते. तरीही हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के आणि शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. त्याच्याजवळ शिल्लक मात्र जवळजवळ काहीच नसते. रक्तपुरवठा पूर्ण थांबल्यास काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात. म्हणून मेंदूच्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाचे काम रुग्णाला झोपविण्यापुरते नसते; रक्तदाब सांभाळणे हा त्याचा गाभा असतो.

‘रक्तदाब कमी ठेवला म्हणजे रक्तस्राव कमी’ हा समज येथे अपुरा ठरतो. कवटी ही बंद पेटी आहे. सरासरी रक्तदाबातून कवटीतील दाब वजा केला की जे उरते, त्या बळावर मेंदूत रक्त पोहोचते. सरासरी रक्तदाब ९० आणि कवटीतील दाब १० असेल, तर ८० उरतात. गाठीमुळे कवटीतील दाब ३० झाला, तर उरतात ६०. अशा वेळी भुलीच्या औषधाने रक्तदाब ६० वर घसरला, तर मेंदूच्या वाट्याला केवळ ३० येतात. उपासमारीला इतके पुरेसे आहे.

निरोगी मेंदू आपल्या रक्तवाहिन्या आकुंचित वा प्रसरित करून हे चढउतार पचवतो. मात्र गाठीच्या किंवा माराच्या आसपासच्या भागात ही क्षमता कमी होते आणि भुलीचे वायू अधिक मात्रेत दिल्यास तीही मंदावते. जुना उच्च रक्तदाब असलेल्यांच्या मेंदूला तर चढ्या दाबाचीच सवय झालेली असते. इतरांना चालणारा आकडा त्यांना अपुरा पडू शकतो.

दाब उसळण्याचे क्षण ठरलेले असतात : श्वासनलिकेत नळी घालताना, डोके स्थिर ठेवण्यासाठी कवटीला टोकदार पिना लावताना आणि त्वचेला छेद देताना. त्यापूर्वीच फेंटानिलसारखे वेदनाशामक, टाळूत स्थानिक भुलीचे इंजेक्शन किंवा एस्मोलॉलसारखे अल्पकाळ टिकणारे औषध देतात. ते अल्पकाळच टिकणारे हवे, कारण मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना होत नाही. आवरण उघडून काम सुरू झाले की उत्तेजना ओसरते आणि तोच रक्तदाब खाली येऊ लागतो. हा खेळ क्षणाक्षणाला दिसावा म्हणून मनगटाच्या धमनीत बारीक नळी बसवतात आणि दाब मोजणारे उपकरण कानाच्या पातळीवर, म्हणजे मेंदूच्या उंचीला, ठेवतात.

रक्तवाहिनीला आलेला फुगा असेल, तर कसोटी आणखी कठीण. फुग्याला चिमटा लागण्याआधी दाब अचानक वाढला तर तो फुटू शकतो. पण मूळ वाहिनी तात्पुरती बंद करावी लागली, तर आजूबाजूच्या वाटांनी रक्त पोहोचावे म्हणून तोच दाब मुद्दाम थोडा वाढवतात. पूर्वी अशा शस्त्रक्रियेत रक्तदाब हेतुपुरस्सर बराच खाली आणत. ती पद्धत आता बहुतांशी मागे पडली आहे.

नाडीचे ठोके हा स्वतंत्र संदेश असतो. रक्तदाब चढत असताना ठोके मंदावले, तर कवटीतील दाब धोक्याच्या पातळीला गेल्याची ती खूण असू शकते. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा अभ्यास केला आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इटलीतील रिव्हा-रोची यांचे रक्तदाबमापक १९०१ मध्ये पाहून ते अमेरिकेत नेणारेही तेच. येथे केवळ रक्तदाब उतरवणे घातक. उपाय कवटीतील दाबावर करायचा असतो. मेंदूच्या तळाशी काम चालू असताना ठोके एकाएकी घसरले, तर भूलतज्ज्ञ प्रथम शल्यविशारदाला हात थांबवायला सांगतो. बहुधा तेवढ्याने नाडी सावरते; नाहीतर अ‍ॅट्रोपिन असतेच.

शुद्धीवर येतानाची खोकल्याची उबळ आणि वाढता दाब यांमुळे ताज्या जखमेत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून अनेक ठिकाणी वरचा रक्तदाब १४० ते १६० च्या आत राखण्याचा प्रयत्न होतो.

रुग्णाने व नातेवाइकांनी भूलपूर्व तपासणीत रक्तदाबाच्या सर्व गोळ्या, जमल्यास पाकिटांसह, दाखवाव्यात. बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या मनाने अचानक बंद केल्यास ठोके व दाब दोन्ही उसळू शकतात. उलट काही अन्य गोळ्या शस्त्रक्रियेच्या सकाळी टाळायला सांगतात. घरी रक्तदाब नेहमी किती असतो, याची नोंदही सोबत न्यावी. भूलतज्ज्ञ आपले लक्ष्य त्याच आकड्यावरून ठरवतो.