आराखडा, मालक आणि नीरेचे पाणी

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणी पट्ट्यात पाणी आले. पाणी आले, पण त्याचा हिशोब आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी येथे ‘ब्लॉक’ पद्धत आणली: पाणी ठरावीक गटांपुरते, गटाच्या साधारण एक तृतीयांश क्षेत्रातच ऊस, उरलेल्यात कमी पाण्याची पिके आणि दरवर्षी फेरपालट. बागायतदारांनी विरोध केला. तो निव्वळ अडाणीपणाचा होता असे मला वाटत नाही. कोणत्या रानात काय लावायचे, हे आता कचेरीतला नकाशा सांगू लागला होता.

याच अभियंत्याने १९३४ मध्ये नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले आणि पुढे मोटार कारखान्याची योजना आखली. ती वालचंद हिराचंदांनी उचलली. त्याच दशकात त्यांचा साखर कारखाना इंदापूर तालुक्यात, आजच्या वालचंदनगरला, उभा राहिला (योगायोग खरा, पण बोलका). मोटारीच्या योजनेला इंग्रज सरकारने साथ दिली नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये निघाली ती वालचंदांच्या चिकाटीने. कंपनीतल्या नियोजनकाराचे काम इथे स्पष्ट दिसते: त्याने आकडे, शक्यता, धोके मांडायचे, जोखीम मालकाने घ्यायची आणि योजना नाकारायची मोकळीकही त्याचीच.

कालव्यावर मात्र आखणारे आणि पाणी सोडणारे खाते एकच. बागायतदाराने अर्ज करायचा आणि मंजुरीची वाट पाहायची. उन्हाळी आवर्तन टेलच्या गावांना पुरेल का, हा इंदापूरचा वाद अजून चालूच आहे.