किती चूक चालेल? गुंतागुंतीच्या व्हेक्टर चित्रांच्या हाताळणीचा इतिहास

प्रस्तावना

फाइल उघडायला वेळ लागतो, चित्र सरकवताना संगणक अडखळतो, छपाई मध्येच थांबते. ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी दोष बहुधा चित्राच्या वर्णनात असतो. व्हेक्टर चित्र म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारे वक्र यांची यादी. एकच आकार चार बिंदूंनी सांगता येतो, तसाच चारशे बिंदूंनीही. या अडचणीवर आजवर जे उपाय निघाले, त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आढळतो: मूळ आकारापासून किती ढळलेले चालेल?

१. वक्राचे वर्णन

या वक्रांचा उगम मोटारींच्या कारखान्यांत आहे. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ पासून, तर रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात, गाडीच्या सांगाड्याचे वक्र मोजक्या बिंदूंत बांधण्याची पद्धत शोधली. सित्रोएनने आपले काम गुप्त ठेवल्यामुळे वक्राला बेझिए यांचे नाव मिळाले.

दोन टोकाचे आणि दोन नियंत्रक बिंदू एवढ्यात असा एक वक्रखंड पूर्ण होतो. चार खंड जोडले की वर्तुळ तयार होते. मात्र ते गणिती अर्थाने खरे वर्तुळ नसते; त्रिज्येच्या सुमारे ०.०३ टक्के इतका फरक राहतो. डोळ्याला तो दिसत नाही, म्हणून तो मान्य झाला. म्हणजे व्हेक्टर चित्रकलेत मान्य चुकीची कल्पना सुरुवातीपासूनच आहे.

२. पोस्टस्क्रिप्ट आणि १५०० बिंदूंची मर्यादा

जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये ॲडोबी कंपनी स्थापन केली. तिची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा १९८५ मध्ये ॲपलच्या लेझररायटर प्रिंटरमधून बाजारात आली. पाठोपाठ १९८७ मध्ये इलस्ट्रेटर आले. प्रिंटरची स्मृती तेव्हा तुटपुंजी होती. एका वेळी सक्रिय असलेल्या सर्व पथांत मिळून १५०० बिंदू, ही सुरुवातीच्या पोस्टस्क्रिप्टची मर्यादा. प्रत्येक नवा वक्रखंड तीन बिंदू खातो, म्हणजे साधारण ५०० खंडांत मर्यादा संपे. ती ओलांडली की ‘लिमिटचेक’ ही त्रुटी येऊन काम थांबे.

दुसरी अडचण अधिक फसवी होती. प्रिंटर वक्र छापताना त्याचे लहान लहान सरळ रेषांत तुकडे करतो. ही रेषा वक्रापासून किती दूर राहिलेली चालेल, हे ‘फ्लॅटनेस’ नावाचा आकडा ठरवतो. तो उपकरणाच्या ठिपक्यांत मोजतात. इंचाला ३०० ठिपके देणाऱ्या लेझर प्रिंटरवर एक ठिपका सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा, तर इंचाला २५४० ठिपके देणाऱ्या फिल्म यंत्रावर ०.०१ मिलिमीटरचा. त्यामुळे फिल्म यंत्रावर त्याच वक्राचे कितीतरी अधिक तुकडे होत. लेझरवर नीट निघालेले काम महागड्या फिल्मवर अडकण्याचे हे एक मोठे कारण होते.

उपाय दोन होते. एक, फ्लॅटनेसचा आकडा वाढवणे. फिल्मवर तो तीन केला तरी फरक ०.०३ मिलिमीटरच्या आत राही. दुसरा, लांब पथाचे तुकडे करणे. ही सोय इलस्ट्रेटरच्या जुन्या आवृत्त्यांत होती. पण तुकडे केलेला आकार पुढे दुरुस्त करणे जिकिरीचे होई, म्हणून मूळ फाइलची प्रत आधी वेगळी ठेवावी लागे.

३. बिंदू गाळण्याची रीत

स्कॅन केलेल्या चित्रावरून आपोआप रेषा काढणारी ॲडोबी स्ट्रीमलाइनसारखी साधने आल्यावर अनावश्यक बिंदूंची संख्या फार वाढली. कागदावरचा धुळीचा कणही यंत्राला आकारच वाटतो.

यावरचा एक उपाय नकाशाशास्त्रात आधीच तयार होता. डेव्हिड डग्लस आणि थॉमस पॉयकर यांनी १९७३ मध्ये नकाशावरील रेषांसाठी एक रीत मांडली. उर्स रॅमर यांनी १९७२ मध्ये तशीच रीत स्वतंत्रपणे दिली होती. रेषेची दोन टोके सरळ जोडावीत. मधला सर्वांत दूरचा बिंदू ठरलेल्या अंतराच्या आत असेल, तर मधले सगळे बिंदू गाळावेत. नसेल, तर तो बिंदू राखून दोन्ही भागांवर हीच कृती पुन्हा करावी. फिलिप श्नायडर यांनी १९९० मध्ये बिंदूंच्या रांगेवर बेझिए वक्र बसवण्याची रीत प्रसिद्ध केली. मान्य चूक किती, हे या दोन्ही रीतींत वापरणाऱ्यालाच सांगावे लागते.

४. पारदर्शकता

इलस्ट्रेटरच्या नवव्या आवृत्तीत २००० साली पारदर्शकता आली; पोस्टस्क्रिप्टला मात्र फक्त अपारदर्शक रंग ठाऊक होते. म्हणून छपाईपूर्वी एकमेकांवर आलेले आकार कापून सुटे करावे लागत आणि साध्या सावलीचेही असंख्य तुकडे होत. तुकडे फार झाले, तर तो भाग ठिपक्यांच्या चित्रात बदलण्याची तडजोड करावी लागे. पीडीएफच्या १.४ या आवृत्तीने २००१ मध्ये पारदर्शकता स्वीकारली. तिचे तुकडे न करता छापणारी यंत्रणा ॲडोबीने २००६ मध्ये जाहीर केली.

५. भारतीय भाषांतील डीटीपी

आपल्याकडे गुंतागुंतीचे आणखी एक कारण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी भारतीय लिप्यांच्या फॉन्टची संकेतरचना उत्पादकागणिक वेगळी असे. दुसऱ्या संगणकावर मजकूर बिघडू नये म्हणून तो वक्रांत रूपांतरित करून पाठवण्याची पद्धत पडली. त्यामुळे पानभर मजकूर हजारो बिंदूंचे चित्र होतो. अक्षराचा आकार शाबूत राहतो, पण शब्द शोधता येत नाही, शुद्धलेखन सुधारता येत नाही, दृष्टिहीन वाचकाच्या वाचक-सॉफ्टवेअरला तो कळत नाही. ही हानी मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही.

समारोप

संगणकाची स्मृती वाढली, तशा जुन्या मर्यादा मागे पडल्या. तरी ‘सिंप्लिफाय’ची आज्ञा देताना आकडा निवडावाच लागतो. मोठ्या फलकावर जे चालेल ते नकाशातल्या किनाऱ्याला चालेलच असे नाही. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: मूळ फाइल वेगळी राखावी, चित्र शेवटी कोणत्या मापात आणि कशावर छापले जाणार हे आधी ठरवावे आणि मजकूर शक्य तोवर मजकूर म्हणूनच ठेवावा. बिंदू गाळण्याचे काम यंत्र करते. काय गमावलेले चालेल, हे मात्र चित्रकारानेच ठरवायचे असते.