आजीच्या रिपोर्टमधला 'आर'

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग माझ्या आजीपासून सुरू होतो.

गेल्या पावसाळ्यात आजीला थंडी वाजून ताप आला. घरात आधीच्या आजारपणातल्या दोन अँटिबायोटिक गोळ्या उरल्या होत्या, त्या मीच दिल्या. तिसऱ्या दिवशी ती आयसीयूत. लघवीतलं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही औषध दिलं होतं?" मी मान खाली घालून हो म्हटलं. अर्धवट अँटिबायोटिक पोटात असलं की ब्लड कल्चरमध्ये जंतू नीट वाढत नाही, हे मला तेव्हा कळलं. सुदैवाने वाढला. रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढे 'एस' किंवा 'आर'. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. आर जास्त होते.

मग मी जुना इतिहास वाचायला घेतला. १९४१ साली अमेरिकेतल्या बोस्टन सिटी हॉस्पिटलचा एक अभ्यास छापून आला. स्टॅफिलोकोकस रक्तात गेलेले १२२ पेशंट. त्यातले ८२ टक्के दगावले. म्हणजे दहातले आठ!

त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलीन टोचलं. संसर्गामुळे त्याचा एक डोळा काढावा लागला होता. एका दिवसात तो सुधारायला लागला. पण औषधच संपलं! त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून त्याला दिलं, तेही पुरलं नाही. १५ मार्चला तो गेला. पुढच्या वर्षी, मार्च १९४२ मध्ये, अमेरिकेत न्यू हेवनला अॅन मिलर रक्तातल्या स्ट्रेप्टोकोकसने मरणाच्या दारात होत्या. पेनिसिलीन मिळालं, ताप उतरला, आणि त्या १९९९ पर्यंत जगल्या.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण लंडनच्या एका हॉस्पिटलात मेरी बार्बर यांनी पेशंटमधले स्टॅफिलोकोकस तपासले. पेनिसिलीनला न जुमानणारे १९४६ मध्ये सुमारे १४ टक्के, १९४७ मध्ये ३८, आणि १९४८ मध्ये ५९. दोन वर्षांत चौपट! औषधाने साधे जंतू मेले, चिवट तेवढे उरले, आणि वॉर्डात एकाकडून दुसऱ्याकडे गेले.

आता आपल्या घराजवळ या. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९५५ पासून तिथे पेनिसिलीन बनू लागलं. म्हणजे आपल्याकडे औषध तयार व्हायला लागलं, त्याच्या आधीच जंतू ते पचवायला शिकले होते.

आजी घरी आली. अशक्त आहे, पण माझ्यावर ओरडण्याइतकी ताकद आहे. रिपोर्ट मी फाइलला लावून ठेवलाय. आणि गोळ्यांचा तो डबा? आता त्यात फक्त बडीशेप असते.

तुमच्या घरातला डबा आज उघडून बघा. पुढच्या भागात भेटूच!