पत्रिकेतली शेवटची ओळ

गेल्या हिवाळ्यात इंदूरच्या एका मैत्रिणीनं मुलाच्या लग्नाची पत्रिका मराठीत करून मागितली. मूळ मजकूर इंग्रजी होता. बहुतेक पाहुण्यांना तो पुरेसा होता, पण तिच्या सासूबाईंना पत्रिका मराठीतच वाचायची होती. अनुवादकाच्या हिशेबानं हे तासाभराचं काम. नावं, तिथी, मुहूर्त, स्थळ सगळं सरळ उतरलं. अडले ते शेवटच्या ओळीवर. तिथे 'ड्रेस कोड' असं लिहून पुढे तीन सूचना होत्या: हळदीला पिवळा, संगीताला झगमगीत, लग्नाला पेस्टल.

'गणवेश' म्हटलं की शाळा आणि पोलीस आठवतात. 'वेशसंहिता' वाचून निवडणूक आयोगाची आचारसंहिता जवळ येते. 'पेहराव' चांगला शब्द आहे, पण त्यात सक्ती नाही. थोड्या वेळानं लक्षात आलं की अडचण शब्दाची नाहीच, वाक्याची आहे. मराठी लग्नपत्रिकेचं व्याकरण पहिल्यापासून विनवणीचं. यजमान 'आपला नम्र' असतो, पाहुण्यानं 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे' असतं. एवढं वाकून बोलावल्यावर त्याच पाहुण्याला 'अमुक रंगाचे कपडे घालून या' कोणत्या तोंडानं सांगायचं? जुन्या पत्रिकेत पाहुण्याला एकच गोष्ट बजावली जाई, 'कृपया आहेर आणू नये'. आणि ती त्याच्या फायद्याची होती.

हा 'आहेर' शब्दच मला मागे घेऊन गेला. आज आहेर म्हणजे पाकीट. पण त्याचा मूळ गाभा कापडाचा. लुगडं, खण, धोतरजोडी, उपरणं, पागोटं, पुढे शर्टपीस-पँटपीस, आणि घरोघर फिरत फिरत कधी कधी मूळ मालकिणीकडेच परत येणारा तो ब्लाउजपीस. आहेर दोन्ही दिशांनी चालतो. पाहुणा यजमानाला करतो, तसा यजमान पाहुण्याला. मानाच्या पाहुण्यानं काय नेसायचं, हे यजमानच ठरवायचा. फक्त ते तो सांगायचा नाही, हातात द्यायचा. विहिणीला कोणतं लुगडं, मामाला कसला शेला, व्याह्यांच्या धाकट्या भावाला नुसतं उपरणं की पागोटंही, याच्या याद्या आठवडाभर आधी होत. मानपानावरून जे रुसवे होत, त्यांतले निम्मे कापडाच्या पोतावरून. 'घरचा आहेर' हा वाक्प्रचार टीकेसाठी वापरावासा वाटला, यावरून आहेर किती बोचू शकत असे हे कळतं.

घरगुती आहेराच्या वरची पायरी दरबारी. फारसी 'सर' आणि 'पा' यांवरून आलेला आपला 'शिरपाव' म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंतचा पोशाख. हिंदीत तो 'सिरोपाव' आहे, पंजाबीत 'सिरोपा'; गुरुद्वाऱ्यात सन्मान म्हणून तो अजूनही गळ्यात घालतात. मराठी दफ्तरांत पेशव्याला छत्रपतींकडून मिळतात ती 'वस्त्रे', आणि वस्त्रे मिळणं म्हणजेच पद मिळणं. अशा दरबारात वस्त्र अंगावर चढवणारा माणूस देणाऱ्याचं वडीलपण मान्य करत असे. अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी महेश्वरात विणकर वसवले, त्यांनी विणलेली पागोटी आणि लुगडी संस्थानाच्या पाहुण्यांना आणि आप्तांना भेट म्हणून जात. आज दुकानात आपण जी महेश्वरी मागतो, तिची पाळंमुळं या देण्याघेण्यात आहेत.

उरलेल्या पाहुण्यांसाठी न लिहिलेले संकेत होते. काळं नको (संक्रांतीची चंद्रकळा संक्रांतीपुरतीच). पुरुषानं उघड्या डोक्यानं मांडवात येऊ नये, कारण उघडं डोकं सुतकाचं. डोक्यावर काय आहे यावरून माणूस कुठला आणि कोणापैकी हे दुरून कळे. पुणेरी पगडी आणि शिंदेशाही पगडी यांत कोणी घोटाळा करत नसे. पंगतीत बसायचं तर सोवळं, मुकटा किंवा कद. आणि विधवेला कपड्यांचा नियम लागूच नव्हता, कारण तिनं मांडवात येणंच अपेक्षित नव्हतं. हे सगळं पत्रिकेत छापावं लागत नसे. ज्याला ठाऊक नाही त्याला आमंत्रणच नसे.

लग्न आणि कपडे यांबद्दलचा जो नियम मला लेखी सापडला, तो पत्रिकेतला नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि मंडळानं सभाच रद्द केल्यामुळे १९३६ साली स्वतः छापलेलं भाषण, 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट', मी एम.ए.ला असताना पहिल्यांदा वाचलं. त्याच्या सुरुवातीच्या भागात ४ जानेवारी १९२८च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'तल्या एका बातमीचा हवाला आहे. इंदूर संस्थानातल्या इंदूर जिल्ह्यात कनारिया, बिचोली-हाफसी, बिचोली-मर्दाना आणि आणखी सुमारे १५ गावांतल्या सवर्णांनी, त्यांत कालोटा, रजपूत, ब्राह्मण आणि गावचे पाटील-पटवारी आले, आपापल्या गावच्या बलाई लोकांना काही अटी कळवल्या. सोनेरी जरीच्या काठाची पगडी घालायची नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही. हिंदूंच्या घरी मयत झालं तर त्याची वर्दी लांबच्या गावच्या नातेवाइकांना द्यायची. हिंदूंच्या प्रत्येक लग्नात वरातीच्या पुढे आणि लग्न लागत असताना वाजंत्री वाजवायची. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, नक्षीदार घागरे-चोळ्या घालायच्या नाहीत. सवर्ण बायकांची बाळंतपणं करायची. या सगळ्याचा मोबदला मागायचा नाही, जे दिलं जाईल ते घ्यायचं. मान्य नसेल तर गाव सोडायचं.

यादीचा क्रम बघा. पगडी आणि धोतर वर, वरातीतलं वाजवणं मध्ये, दागिने आणि चोळ्या त्याच्या खाली. वरातीत सगळ्यांच्या पुढे जी माणसं चालणार, त्यांनी अंगावर काय घालायचं नाही, हे वरातीतल्यांनी ठरवलेलं होतं. यजमानानं कापड द्यायचं आणि पाहुण्यानं मिरवायचं, या रीतीची ही उलटी बाजू. इथे द्यायचं काहीच नव्हतं, अंगावरचं उतरवायचं होतं.

आणखी एक गोष्ट त्या भाषणात नाही, पण माळव्यात राहणाऱ्याला ती विसरता येत नाही. बलाई ही परंपरेनं गावच्या रखवालीबरोबर विणकाम करणारी जात. स्टीफन फुक्स या मिशनरी अभ्यासकानं निमाडातल्या बलाह्यांवर लिहिलेला मोठा ग्रंथ १९५०मध्ये निघाला, आणि त्याच्याही आधीच्या सरकारी जातिवर्णनांत त्यांची ओळख विणकर म्हणूनच दिलेली आहे. ज्यांच्या घरात माग, त्यांनाच काठ वर्ज्य.

बलायांनी अटी मानल्या नाहीत. आंबेडकर पुढे सांगतात की त्यांना विहिरीचं पाणी तोडलं, गुरं चारायला बंदी झाली, सवर्णांच्या जमिनीतून जायला मज्जाव झाला. ज्या बलायाचं शेत चहूकडून सवर्णांच्या शेतांनी वेढलेलं, त्याला स्वतःच्या शेतात पाऊल टाकता येईना. उभ्या पिकांत गुरं सोडली गेली. दरबारात अर्ज गेले, वेळेवर दाद मिळाली नाही. शेकडो कुटुंबं बायकामुलांसह धार, देवास, बागली, भोपाळ, ग्वाल्हेरकडे निघून गेली. इंदूर होळकरांचं; धार आणि देवास पवारांचं, ग्वाल्हेर शिंद्यांचं. आपण बृहन्महाराष्ट्राचा इतिहास अभिमानानं सांगतो त्यात ही पायपीट येत नाही.

या बातमीच्या आगेमागे दोन घटना आहेत. आधीच्या महिन्यात, डिसेंबर १९२७मध्ये, महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर आंबेडकर तिथे जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. तुमच्या लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून आणि अंगावरच्या जडशीळ दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ती खूण टाका, वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं घोट्यापर्यंत नेसा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. गुडघ्यापर्यंतचं लुगडं घोट्यापर्यंत आणायला फार तर दोन हातांचं कापड जास्त लागत असेल. त्यासाठी लागणारं धाडस किती, ते इंदूरच्या यादीवरून मोजता येतं.

दुसरी घटना मार्च १९२८ची. गादी सोडलेले तुकोजीराव होळकर आणि नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीचं लग्न नर्मदाकाठी बडवाह्याला झालं. त्याआधी नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी तिला हिंदू करून घेतलं, धनगर समाजात दत्तक विधान झालं, ती शर्मिष्ठादेवी झाली. तिची साडीतली, कुंकू लावलेली छायाचित्रं अनेकांनी पाहिली असतील. या लग्नाला विरोध भरपूर झाला, धनगर समाजातल्या कित्येकांनी तिला मनापासून आपलं म्हटलं हेही खरं, आणि त्यात मला वाईट काही दिसत नाही. पण सिएटलच्या मुलीला एका विधीनं जे नेसता आलं, ते त्याच संस्थानात, साठेक किलोमीटरवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या बाईला अंगावर घालता येत नव्हतं. दोन्हींत अंतर तीन महिन्यांहूनही कमी.

मैत्रिणीच्या पत्रिकेकडे मी परत वळले तेव्हा स्थळाची ओळ पुन्हा वाचली. पहिल्यांदा ती मी न थांबता उतरवली होती. मॅरेज गार्डन, बिचोली मर्दाना, इंदूर. बायपासच्या बाजूचा हा भाग आता शहरात आला आहे, शाळा आहेत, वसाहती आहेत, आणि हिवाळ्यात एका रात्रीत पाच-पाच वराती. वरातीपुढे बँडवाले असतात. त्यांच्या डगल्यावर भरपूर सोनेरी जर असते, डोक्यावर तुऱ्याची पगडी. कपडे बँडमालकाचे, रात्री उतरवून परत द्यायचे. वाढणाऱ्या पोरांना फेटे. तिथे ड्रेस कोड पाळावाच लागतो अशी माणसं एवढीच. पाहुण्यांनी पेस्टलऐवजी गडद जांभळं घातलं तर कोणी परत पाठवत नाही, फोटोत फक्त जरा वेगळं दिसतं. त्यामुळे या दोन नियमांना एका मापानं मोजण्याचा मला मोह झाला तरी तो मी आवरला. रंग जुळावेत म्हणून कोणी विनंती करतं आणि काठ दिसू नये म्हणून कोणी विहीर बंद करतं, हे एक नाही. तरी त्या गावाचं नाव टाइप करताना हात थांबला, हेही खरं.

शेवटी ती ओळ मी विनवणीच्याच व्याकरणात बसवली: 'जमल्यास हळदीला पिवळी, लग्नाला फिक्या रंगाची वस्त्रे ल्यावीत, इतकीच हौस आहे.' मैत्रिणीला 'जमल्यास' पटलं नाही. इंग्रजीत असं काही नाही, म्हणाली. मी म्हटलं, मराठीत असावं लागतं. मग तिनं मान्य केलं.

छापून आल्यावर तिच्या सासूबाईंनी चष्मा लावून पत्रिका गणपतीपासून शेवटपर्यंत वाचली, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "रंग तुम्हीच ठरवलेत, मग साड्या कधी वाटणार?" दुसऱ्या दिवशी मैत्रीण राजवाड्याजवळच्या दुकानात गेली आणि त्यांच्यासाठी मोतिया रंगाची महेश्वरी घेऊन आली. काठ त्यांनी स्वतः निवडला होता, रुंद आणि जरीचा.