आल्प्सच्या बर्फावरचं कंदाहार

हा भाग बोईसरहून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मधेच गाडीचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय स्कीइंगचा इतिहास. हसू नका. आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात बर्फ दिसतो तो दोनच ठिकाणी, सातपाटीच्या बंदरावर मासळीवर आणि उसाच्या रसाच्या गाड्यावर. तरी गेले काही महिने मी डहाणू लोकलमध्ये बसून हेच वाचतोय. वाचता वाचता एका शब्दापाशी अडकलो आणि तिथून जो धागा निघाला तो थेट कोकणात, दापोलीत येऊन थांबला. तो तुम्हाला सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्की ही काही श्रीमंतांच्या हौसेतून निघालेली वस्तू नाही. स्वीडनमध्ये दलदलीत सापडलेली काल्वट्रेस्कची स्की सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची आहे. जुन्या नॉर्स भाषेत या शब्दाचा अर्थ फाडलेलं लाकूड, म्हणजे आपली फळी. बर्फात रुतायचं नाही, शिकार गाठायची, शेजारच्या गावाला जायचं, एवढ्यासाठी ती फळी. १८८८ मध्ये नॉर्वेच्या नान्सेननं स्कीवरून ग्रीनलंड आडवं पार केलं, त्यावर पुस्तक लिहिलं आणि युरोपभर याचं वेड पसरलं. पण नॉर्वेवाल्यांच्या लेखी स्कीइंग म्हणजे लांब पल्ल्याची चाल आणि उडी. नुसतं डोंगरावरून खाली सुटायचं आणि घड्याळ लावून बघायचं कोण आधी पोचतो, हा प्रकार त्यांना पोरकट वाटायचा.

तो पोरकटपणा इंग्रजांनी केला. जानेवारी १९११, स्वित्झर्लंडमधलं मोंटाना. दहा ब्रिटिश स्पर्धक रात्री वरच्या एका झोपडीवजा निवाऱ्यात झोपले, सकाळी प्लेन मॉर्ट हिमनदीवर उभे राहिले आणि खाली गावाकडे सुटले. आखलेली वाट नाही, बर्फ सपाट केलेला नाही. सेसिल हॉपकिन्सन नावाचा गडी ६१ मिनिटांत पोचला आणि जिंकला. डाउनहिल शर्यतीच्या इतिहासात हा दिवस मैलाचा दगड मानतात. त्याला मिळालेल्या चषकाचं नाव होतं ‘रॉबर्ट्स ऑफ कंदाहार चॅलेंज कप’.

कंदाहार! आपल्याला हे नाव गांधारीमुळे माहीत, नाहीतर १९९९ च्या विमान अपहरणामुळे. (नांदेडचं कंधार वेगळं, तिकडे जायचं नाही आपल्याला.) आल्प्समध्ये ते कसं पोचलं? शर्यत भरवणारा क्लब हेन्री लन यांचा. हे आधी मद्रासला मेथडिस्ट मिशनरी होते, मग परत जाऊन हिवाळी सहलींच्या धंद्यात पडले. क्लबचे एक उपाध्यक्ष लॉर्ड रॉबर्ट्स, म्हणून चषक त्यांच्या नावाचा. हेन्रींचा मुलगा अर्नोल्ड, जन्म १८८८, गाव मद्रास. याच अर्नोल्ड लननं पुढे १९२२ मध्ये म्युरेनला आधुनिक स्लालम शर्यत बसवली आणि १९२४ मध्ये तिथेच ‘कंदाहार स्की क्लब’ काढला. १९२८ पासून आर्लबर्ग-कंदाहार शर्यत सुरू झाली. नंतर बूट अडकवायची एक प्रकारची तारेची पकडसुद्धा कंदाहार नावानं विकली गेली. जर्मनीत गार्मिशला विश्वचषकाची शर्यत होते त्या उताराचं नाव आजही कंदाहार आहे. वसईची पोर्तुगीज घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगलेली असावी, तसंच हे. फरक इतकाच की ती घंटा कुठून आली हे नाशिकच्या पोरालाही माहीत असतं.

आता खरी गोष्ट. फ्रेडरिक रॉबर्ट्सचा जन्म कानपूरचा, १८३२ चा. १८८० च्या ऑगस्टमध्ये दहा हजार सैन्य घेऊन तो काबूलहून निघाला आणि जवळपास ५०० किलोमीटर चालून महिनाअखेर कंदाहारला पोचला. १ सप्टेंबरला अयुबखानाचा पराभव केला. या कूचाची इंग्लंडात इतकी वाहवा झाली की ते नाव त्याच्या पदवीलाच चिकटलं. पण इतक्या घाईनं जावं का लागलं? कारण महिनाभर आधी, २७ जुलैला, मैवंदला इंग्रजांचा दारुण पराभव झाला होता. शेरलॉक होम्स वाचलेल्यांना आठवेल, डॉक्टर वॉटसन जखमी होतो ती हीच लढाई.

मैवंदला जी ब्रिगेड मोडली तिच्यात मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या. सुमारे अडीच हजार माणसं, त्यातली हजाराच्या आसपास मेली. जुलैचं ऊन, पाणी नाही, अयुबखानाच्या तोफा जास्त. तासन्‌तास त्या माऱ्यात पडून राहिल्यावर डावी बाजू कोसळली. आधी जेकब्ज रायफल्सच्या तुकड्या, मग बॉम्बे ग्रेनेडियर्स. त्याच दिवशी बॉम्बे सॅपर्सची एक कंपनी गोऱ्या ६६ व्या पलटणीसोबत उभी राहून लढली. हे मात्र फार कमी जणांच्या ध्यानात राहिलं. बोभाटा झाला तो मुंबईचे शिपाई पळाले याचाच.

१८८५ ते १८९३ रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याचं मत पक्कं होतं, लढवय्ये ते उत्तरेकडचे. दक्षिणेची माणसं लांबलेल्या शांततेनं आणि सुबत्तेनं मऊ पडलीत. १८९७ च्या आत्मचरित्रात त्यानं हे लिहिलं आणि तिथे मुंबईच्या मराठ्यांचाही उल्लेख केला. लढवय्या जातींचा सिद्धांत म्हणतात तो हाच. माझ्या मते हा सिद्धांत म्हणजे एका दुपारच्या पराभवाला आणि बऱ्याच जुन्या पूर्वग्रहाला दिलेलं शास्त्राचं नाव. ज्यांना तोफा कमी दिल्या, पाणी पुरवलं नाही, त्यांच्या रक्तात दोष शोधायचा.

त्याची झळ सगळ्यात जास्त बसली महार शिपायांना. मुंबई लष्करात त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची नोकरी, कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावं. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची भरती बंद झाली. लष्कर म्हणजे नुसता पगार नव्हे. पलटणीत शाळा होती, अक्षर होतं, पेन्शन होतं. गावात विहिरीला हात लावू न देणारे तिथे हुकूम ऐकायचे. हे सगळं एका फटक्यात गेलं. महाडजवळच्या रावदूळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर. त्यांनी दापोलीहून, अनार्य दोषपरिहारक मंडळीतर्फे, १८९४ साली अर्ज केला की आमच्या लोकांना लष्करात पुन्हा घ्या. उपयोग झाला नाही. मग ‘सोमवंशीय मित्र’ चालवणारे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. दख्खनच्या महारांच्या परिषदेतर्फे त्यांनी १९१० मध्ये थेट लंडनला, भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. मागणी तीच, सैन्यात आणि पोलिसांत जागा.

तारखा जरा शेजारी ठेवून बघा. अर्ज १९१० चा. मोंटानाची शर्यत जानेवारी १९११ ची. लोकलमध्ये हे लक्षात आलं तेव्हा केळवे रोड कधी गेलं मला कळलं नाही. एकीकडे रॉबर्ट्सच्या नावाच्या चषकासाठी दहा तरुण बर्फावरून घसरत होते, आणि दुसरीकडे त्याच माणसानं रुजवलेल्या धोरणामुळे बंद झालेलं दार पुण्यातली माणसं ठोठावत होती. स्कीइंगच्या जी पुस्तकं मी वाचली त्यांत पहिली गोष्ट पानभर आहे, दुसरीचा मागमूस नाही. तसा तो असायला हवा अशी अपेक्षा करणंही थोडं जास्तच आहे म्हणा, पुस्तक खेळाचं आहे. पण मराठीत या खेळाबद्दल बोलायचं तर मला दोन्ही एकत्रच सांगावं लागणार.

पुढचं थोडक्यात. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडून टाकली. महार रेजिमेंट उभी राहिली ती बेळगावला, १ ऑक्टोबर १९४१ रोजी. आणि १९४८ च्या डिसेंबरात भारतीय लष्करानं गुलमर्गला, जिथे इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये स्की क्लब ऑफ इंडिया काढला होता, तिथेच जवानांसाठी स्की शाळा सुरू केली. आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल ते हेच. तिथे भरती होताना कुणी जात विचारत नाही, बर्फावर तोल सांभाळता येतो का एवढंच बघतात.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी मुंबई लष्करातल्या पणजोबांचं पेन्शनचं पुस्तक, मेडल, पलटणीचा कागद असेल, विशेषतः अफगाण मोहिमेचा, तर फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. मेडलच्या कडेवर बहुतेक वेळा शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली असते, भिंग घेऊन बघा. पुढच्या भागात ती कशी वाचायची तेच घेऊ.