वीरगळ व सतीशिळांवरील हस्तसंकेत

वीरगळ व सतीशिळा ही दख्खनमधील मध्ययुगीन स्मृतिशिल्पे होत. अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर परिसरासह महाराष्ट्रभर ती गावाच्या वेशीवर किंवा मंदिराच्या आवारात आढळतात. बहुतेक शिळांवर लेख नसतो. मृत्यू कसा आला व मृताला कोणती गती लाभली, हे शिल्पातील हात, शस्त्रे व चिन्हे यांवरूनच वाचावे लागते. ‘वीरगळ’ हा शब्द कन्नड ‘वीर’ व ‘कल्’ (दगड) यांपासून आला आहे.

वीरगळ खालून वर वाचतात. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. जवळ गायी कोरलेल्या असल्यास त्याला गोधनाच्या रक्षणार्थ मरण आले, असा अर्थ घेतात. त्यावरील चौकटीत तो शस्त्र उगारून लढतो, पुढच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात आणि सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसतो. शस्त्र उगारणारे हात अखेरीस अंजलिमुद्रेत येतात, हाच या कथेचा गाभा. माथ्यावरील चंद्र-सूर्य ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ टिकणाऱ्या कीर्तीचे निदर्शक होत.

प्राचीन ग्रीक मृत्पात्रांवरही मृत्यूचे प्रसंग हातांच्या खुणांनी सांगितले आहेत. अथेन्स येथील, इ.स.पू. आठव्या शतकातील डिपिलॉन कुंभ एका स्त्रीच्या थडग्यावर उभा होता. त्यावर शवाभोवतीची माणसे दोन्ही हात डोक्याशी नेऊन आक्रोश करताना दिसतात. वीरगळावर मात्र शोक करणारे सहसा कोणी नसते; तेथे मरण हा विजयच मानलेला आहे.

सतीशिळेवरील मुख्य खूण म्हणजे कोपरात काटकोनात वळलेला, पंजा उघडा असलेला स्त्रीचा हात. पंजा अभयमुद्रेसारखा दिसतो, पण अर्थ ठरतो तो मनगटावरील बांगड्यांनी. वैधव्यात बांगड्या फोडल्या जात. येथे त्या अभंग दाखवून अखंड सौभाग्य सुचविले जाते. काही शिळांवर अंगठ्यापाशी लिंबूही असते. सहगमनाच्या क्रौर्याचा मात्र या शांत हातात मागमूस नसतो, हे अभ्यासकाने विसरू नये. मुंबई इलाख्यात १८३० साली ही प्रथा कायद्याने बंद झाली.

अनेक गावांत या शिळांना देव मानून शेंदूर लावतात. थरावर थर चढत गेले की बोटे व बांगड्यांच्या रेषा बुजतात आणि सतीचा हात व देवतेचा अभयहस्त यांतील भेद कळेनासा होतो.